घरच्याला हात, परक्याला हत्यार

९ फेब्रुवारी

महाशय,

तुम्ही माझा डावा डोळा फोडलात, त्यानंतर तुमच्याकडून आलेला हा पहिला शब्द. मध्ये साठ वर्षं गेली. म्हणून वर नमस्कार लिहावा की नाही, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी नाही लिहिला.

पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं हे तुमचं नशीब. माझ्या धाकट्या भावाच्या हातात पडलं असतं, तर मागचं नाव बघून त्यानं ते चुलीत घातलं असतं, आणि पाठोपाठ पोस्टमनलाही.

तुम्ही लिहिता की कुठल्याशा प्रयोगशाळेत तुमची थुंकी आणि माझी थुंकी जुळली, आणि इतकी जुळली की आपण सख्खे भाऊ. एका आईचे, एका बापाचे. महाशय, मशीन चुकलं. देवानं घडवलेली माणसं चुकतात, तिथं माणसानं घडवलेल्या मशीनचं काय घेऊन बसलात!

थुंकीची हकिगत एवढीच. माझी लेक शहरात औषधांच्या दुकानात काम करते. माझ्या वाढदिवसाला तिनं एक नळी आणली आणि म्हणाली, "बाबा, यात थुंका. पूर्वज कळतात." मी म्हटलं, "पूर्वज चर्चच्या मागे ओळीनं झोपलेत. निम्म्यांची नावं दगडावर मीच कोरलीत. शोधायचं काय त्यात?" "थुंका हो!" लहानपणापासून 'अंगणात थुंकू नका' म्हणून जिनं माझं डोकं खाल्लं, तिच्या आग्रहाखातर थुंकलो. त्याचं हे फळ.

तुम्हाला गाव सोडून जन्म लोटला, म्हणून आठवण करून देतो. टेकडी एक, दगडखाणी दोन. आम्ही वरच्या खाणीचे, तुम्ही खालच्या. आमचे दगड तुमच्या अंगणात गडगडायचे, तुमची धूळ आमच्या ताटात यायची. माझ्या काकानं तुमच्या काकाचा कान दातांनी तोडला, तेव्हा चर्चमध्ये प्रार्थना चालू होती आणि दोघंही पहिल्या रांगेत होते. तुम्ही गेलात तेव्हा माझा भाऊ नुसता शेंबडा पोर होता. आज त्याला सगळे 'पहार' म्हणतात. तुमच्या चुलतभावाचा गुडघा त्यानं पहारीच्या एका घावात फोडला, माझ्या डोळ्याच्या बदल्यात. तुरुंगात जाऊन आला. दारात बूट काढले आणि म्हणाला, "दादा, चहा आहे का?"

आमच्या आईचा एक नियम होता. घरच्याला हातानं मारा, हत्यार परक्यासाठी ठेवा. वडील आम्हाला मारायचे तेव्हा आधी छिन्नी खाली ठेवायचे, सदऱ्याला हात पुसायचे आणि मग कानफटात द्यायचे. आम्ही दोघं भाऊ नाकातून रक्त येईपर्यंत भांडलो, पण एकमेकांवर कधी खडासुद्धा उचलला नाही. पहारनं तो नियम अजून मोडलेला नाही. तुम्ही परके आहात. नियमाचा दुसरा भाग तुमच्यासाठी.

माझी बायको गेली, लेक तिच्या घरी. इथं मी आणि पहार, दोघंच. सकाळचा चहा तो करतो, संध्याकाळचा मी. हे मला विस्कटायचं नाही. लिहू नका. येऊ नका.

वरच्या खाणीतला,
अक्षरं कोरणारा


२४ फेब्रुवारी

महाशय,

लिहू नका म्हटलं तर चार पानं लिहिलीत. लहानपणीही तुम्ही असेच होतात. गुरुजींनी 'बस' म्हटलं की उभे.

तुमचं अक्षर बघून मी हसलो होतो. कोंबडीचे पाय बरे. मग तिसऱ्या पानावर कारण वाचलं.

तुम्ही माझा डोळा फोडलात त्याच संध्याकाळी तुमच्या बापानं तुमचा उजवा हात शिळेवर धरला आणि घणाच्या दांड्यानं मोडला. एकदा नाही, बोटं पसरेपर्यंत. ती बोटं अजून मिटत नाहीत, घास डाव्या हातानं घेता. "शत्रूच्या पोराच्या डोळ्यासाठी बापानं माझा हात का मोडला, हे कोडं घेऊन मी घर सोडलं, आणि ते अजून सुटलेलं नाही," असं तुम्ही लिहिलंय.

मला हे माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, तुम्हाला कुठंतरी नातलगांकडं लपवून खाऊपिऊ घालताहेत. इतकी वर्षं माझ्या डोळ्यासमोर, म्हणजे उरलेल्या डोळ्यासमोर, तुम्ही हसत होतात. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा उठून पाणी प्यायलो.

तो दिवस मला अजून पाठ आहे, कारण ती कविता पाठ आहे. एका दहा ओळींच्या कवितेवर माणूस आयुष्य काढू शकतो, हे आजकालच्या मुलांना सांगून पटायचं नाही. पावसाळी हवा होती, फळ्यावर ओल आली होती, खडू उमटत नव्हता. गुरुजी म्हणाले, आज तोंडी. आपल्या दोघांना पुढं बोलावलं. मी डोंगर, तुम्ही ओढा.

डोंगर म्हणतो ओढ्याला, थांब जरासा थांब,
ओढा म्हणतो डोंगराला, जायचे मज लांब.

गुरुजी खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "अरे, डोळे मिटले तर कोण म्हणतंय तेच कळत नाही. एका आईच्या पोटचे असल्यासारखे आवाज!" वर्ग हसला. वरच्या आणि खालच्या खाणीचं एक आईबाप! तुमचे कान लाल झालेले मला शेजारून दिसले. शाळा सुटल्यावर ओढ्याच्या पुलाशी तुम्ही वाट बघत होतात. मी पुढचं कडवं पुटपुटत येत होतो. तुमचा दगड दिसलाच नाही, डोळ्यात माशी गेली असं वाटलं. हात लावला तर हातात ऊन ऊन काहीतरी आलं, आणि ते काय होतं हे कळायला मला वेळ लागला.

आणखी एक सांगतो. त्या दिवशी तुमची आई आमच्या दाराशी आली होती. मी आत पडवीत, तोंडावर फडकं, फडक्यातून रक्त. ती उंबऱ्याबाहेर उभी. काही बोलेना, जाईना. माझ्या आईनं चुलीवरचं उकळतं पाणी भांड्यासकट तिच्यावर फेकलं. तरी ती हलली नाही. मानेवरची कातडी सुटली तरी माझ्याकडं बघत राहिली. शत्रूच्या पोराची गंमत बघायला एवढं भाजून घेणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. ही तुमची आई.

लेकीनं कंपनीला आपल्या दोघांची थुंकी पुन्हा तपासायला लावली. तेच उत्तर आलं. म्हणून आता तुम्ही सांगता तसा चर्चमध्ये जाऊन जन्ममरणाच्या नोंदी बघणार आहे. तुम्हाला खोटं पाडायला, दुसरं काही नाही.

अक्षरं कोरणारा


८ मार्च

दादा,

हा शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्याचा दादा होतो. सत्तरी ओलांडल्यावर धाकटा झालो. आता 'तुम्ही' लिहायला हात वळत नाही, तेवढं चालवून घे.

नोंदींत फारसं काही नाही. पाद्री लोक दोन ओळींत मरण उरकतात. वरच्यांच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा, नाव माझं, साल तुझ्या जन्माचं. पुढं त्याच नावाच्या मुलाचं दफन, दोन वर्षांचाही नव्हता, 'दगड लागून'. त्याच पानावर, चार दिवस आधी, खालच्यांच्या दुसऱ्या मुलाचा बाप्तिस्मा. तो दुसरा मुलगा पुढं कुठंच नाही. लग्न नाही, मरण नाही. मी मात्र त्या पानावर मेलेलो होतो आणि फादरसमोर उभा राहून खोकत होतो. फादर तरुण आहेत, म्हणाले, "लिहिणाऱ्याची चूक असेल, आजोबा."

मी घंटामावशीकडं गेलो. चर्चची घंटा वाजवणाऱ्याची बायको, आठवते? नव्वदी उलटलीय. खाटेला खिळलीय, पण जीभ तशीच.

"कोण, काण्या का? ये. फार उशीर केलास रे."

"मावशी, मी कुणाचा?"

"जिनं वाढवला तिचा. अजून काय पाहिजे तुला या वयात?"

"आणि जन्म दिला ती?"

तिनं मान फिरवली. "दार लाव. वारा येतो."

वारा नव्हता, दादा. मी दार लावलं.

दोन खाणींना भोंगा एकच होता, मधल्या खोपटात. सुरुंग उडवायच्या आधी तो फिरवून वाजवायचा, म्हणजे टेकडीवरची माणसं आडोशाला जातील. एक आठवडा वरच्यांनी वाजवायचा, एक आठवडा खालच्यांनी, मग सुरुंग कुणाचाही असो. पावसामुळे मधला एक आठवडा दोन्ही खाणी बंद पडल्या. तो आठवडा कुणाच्या पाळीत धरायचा, यावर जुंपली. वरचे म्हणाले, पाळी तुमची. खालचे म्हणाले, तुमची. सोमवारी तुझ्या बापानं, म्हणजे आपल्या बापानं, वात पेटवली. भोंगा वरचे वाजवतील म्हणून तो थांबला नाही. खालचे वाजवतील म्हणून वरचे बसून राहिले. दगड उडाला तो वरच्या अंगणात आला. तिथं मुलगा मातीत खेळत होता.

"डोकं उरलं नव्हतं त्याला," मावशी म्हणाली. "बाई ते तसंच ओटीत घेऊन बसली."

वरचा, म्हणजे मला वाढवणारा बाप, घण घेऊन खाली धावला. पहिल्या घावात तुझ्या बापाच्या बरगड्या गेल्या, दुसऱ्यात खांदा. तो पडला. वरच्यानं डोक्यावर घालायला घण उचलला. सगळं गाव खाणीच्या काठावर उभं होतं, कुणी खाली उतरेना. तेवढ्यात खालची बाळंतीण घरातून बाहेर आली. हातात आठवड्याचं बाळ. तिनं ते बाळ नवऱ्याच्या डोक्याशी दगडावर ठेवलं, बरोबर घणाखाली, आणि म्हणाली, "घे. एकाला एक."

"बाळ रडत होतं?" मी विचारलं.

"तू? तू झोपला होतास. तुला लहानपणापासून कशाचं काही नाही."

घण वरच राहिला, दादा. किती वेळ, ते मावशीला सांगता येईना. मग वरची बाई खाली उतरली. मेलेलं पोर तिनं दिराच्या हातात दिलं, दगडावरचं जिवंत उचललं, आणि मागं न बघता टेकडी चढून गेली. कुणी तिला अडवलं नाही. वरच्यानं घण टाकला आणि तिच्या मागं गेला. तेच नाव, तेच कपडे, तोच पाळणा. शाळेत घातला तेव्हाही मेलेल्याच्या वयावर घातला. म्हणून मी तुझ्या वर्गात होतो आणि म्हणून मी वर्गात सगळ्यात बुटका होतो.

"आणि कुणी कधी बोललं नाही?"

"बोलणार कोण? सगळ्या गावानं तोंडात दगड धरला होता. ज्यांनी बघितलं ते मेले. मी राहिले लटकत, घंटेसारखी."

तिथून मी कबरस्तानात गेलो. आमच्या ओळीच्या टोकाला एक बुटका दगड आहे, कोरा. मला लहानपणी वाटायचं, तो बसायला ठेवलाय. त्यावर बसून मी कविता पाठ करायचो. एकदा आईनं पाहिलं आणि थोबाडीत अशी दिली की जिभेचा लचका तुटला. "ऊठ तिथून!" तिनं मला मारलं ते तेवढं एकदाच. सगळ्या गावाच्या कबरींवर नावं कोरणारं आमचं घर, आणि आमच्याच ओळीत एक दगड कोरा. मला कधी प्रश्नच पडला नाही. नाव वरच्या घरात वापरात होतं, दादा. मी वापरत होतो.

तुझं कोडं सुटलं का? माझं सुटलं. बापानं एका पोराच्या डोळ्यासाठी दुसऱ्या पोराचा हात मोडला.

तुझा
धाकटा


१९ मार्च

दादा,

तिकीट काढलंस म्हणतोस. परत कर.

आईच्या कबरीवर एकदा यायचं आहे, हे कळतं. माझ्या मनातही रोज तेच आहे. मी आजकाल पडवीत बसलो की उंबऱ्याबाहेर ती उभी असते, मानेवर वाफ, आणि मी फडक्याआडून तिला शिव्या घालत असतो. ती गंमत बघायला आली नव्हती. पोराचा दुसरा डोळा शाबूत आहे का, एवढंच बघत असेल. आणि आत माझी आई, जिनं मिळालेलं पोर कुणी परत घेऊन जाईल या भीतीनं पाणी फेकलं. दोघींपैकी एकीवरही मला रागावता येत नाही. ओढ्याकाठी जाऊन बसतो आणि ती कविता म्हणतो. माझीच ओळ म्हणतो. तुझी ओळ सोडून देतो.

पण पहारचं काय करू? परवा रस्त्यावर एक ट्रकवाला मला म्हणाला, "ए काण्या, बाजूला हो!" तो आता दोन दात कमी घेऊन ट्रक चालवतो. पहारनं त्याला खिडकीतून ओढून काढलं आणि त्याचं तोंड त्याच्याच चाकावर आपटलं. घरी येऊन मला म्हणाला, "तू बाहेर पडताना सांगत जा, दादा." जशी माझीच चूक.

ज्या डोळ्यासाठी तो लोकांचे दात पाडतो, गुडघे फोडतो, तुरुंगात जातो, तो डोळा त्याच्या भावाचा नव्हताच, हे मी त्याला सांगायचं. त्याचा खरा भाऊ आपल्या बापाच्या सुरुंगानं मेला आणि मी त्याचं नाव लावून, त्याच्या ताटात जेवून म्हातारा झालो, हे सांगायचं. त्यानं 'चालता हो' म्हटलं तर मी जाऊ कुठं? लेक घेऊन जाईल. पण सकाळचा चहा कोण करणार? तुला हसू येईल. त्या चहात साखर नेहमी जास्त असते आणि मी नेहमी कुरकुरतो.

काल त्यानं माझ्या खिशातलं तुझं पाकीट पाहिलं. "कुणाचं?" मी म्हटलं, लेकीचं. त्यानं पोस्टाच्या तिकिटावरचं लांबच्या मुलखाचं चित्र पाहिलं. बाहेर जाऊन अंगणातला एक चांगला दगड पहारीनं फोडला. त्या दगडाचं काही करायचं नव्हतं.

तू आलास तर तो तुला मारील. तू वाचलास तर मला घराबाहेर काढील. मला भाऊ दोन मिळाले, पण पदरात पडेल असा एकही दिसत नाही. येऊ नकोस, दादा. पाया पडतो.

धाकटा


३ एप्रिल, हॉस्पिटल

दादा,

तू समोरच्या खाटेवर आहेस आणि मी पत्र लिहितोय. डॉक्टरांची तंबी आहे, तुला बोलायला लावायचं नाही. जबडा तारांनी बांधलाय. मी तोंडानं सांगायला लागलो की मला रडू येतं, आणि मी रडलो की तू काहीतरी बोलायला जातोस. म्हणून हे कागदावर. नर्स तुझ्या छातीवर ठेवील. डाव्या हातानं धर.

माझं शेवटचं पत्र तुला मिळालंच नाही, असं तू पाटीवर लिहिलंस. मिळालं असतं तरी तू आलाच असतास. गुरुजींनी 'बस' म्हटलं की उभा.

तू बसमधून उतरायच्या आधीचं सांगतो. तू निघाल्याचा निरोप आला तेव्हा आता लपवण्यात अर्थ उरला नव्हता. सकाळी पहारनं चहा केला. मी सगळं सांगितलं, पाठ म्हटल्यासारखं, एका दमात. भोंगा, सुरुंग, अंगण, घण, दगडावरचं बाळ. तो ऐकत राहिला. चहा संपवला. दोन्ही कप धुतले. एवढंच विचारलं, "बस कधी येते?" आणि दारामागची पहार उचलून बाहेर पडला.

मी मागं धावलो. गुडघे कसले धावताहेत! त्याला लहानपणीच्या नावानं हाका मारल्या. त्यानं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, आज तू मरणार, आणि परत जायला मला दार उरणार नाही.

तू उतरलास. मी तुला लांबून पाहिलं आणि मला दोन डोळ्यांचा मी दिसलो. पहार तुझ्यासमोर उभा राहिला. पुढचं तू ऐकलंस, पण धुळीत किती कळलं कोण जाणे.

"तू याचा सख्खा भाऊ?"

तू माझ्याकडं पाहिलंस. "हो."

"मोठा?"

"मोठा."

"मग मोठ्यानं धाकट्याला दगड मारायचा? दगड?"

"मला माहीत नव्हतं," तू म्हणालास.

"मलाही माहीत नव्हतं! मी मारला का त्याला कधी दगड?"

आणि मग तो वाकला, दादा. पहार रस्त्याच्या कडेला ठेवली, नीट, कुणी ठेचकाळू नये अशी. सदऱ्याला हात पुसले. मग मारलं.

शिरेवर घाव बसला की दगड फुटतो, तसा आवाज झाला. तू आडवा पडलास. तोंडातून रक्त, रक्तात दात. बसमधल्या बायका किंचाळल्या. पहार हात लोंबते सोडून उभा, त्याची दोन बोटं मोडली होती. मी ओरडत होतो. पण माझं लक्ष त्या रस्त्याकडेच्या पहारीवर होतं. पहिल्या पत्रात मी तुला आमच्या आईचा नियम लिहिला होता. तुला आठवत असेल.

तू शुद्धीवर नव्हतास तेव्हाचं आता. तुला त्यानंच खांद्यावर घेतलं. एक ट्रक अडवला. नेमका तोच, दोन दात कमीवाला. बिचारा लगेच पुढची सीट रिकामी करून मागं जाऊन बसला. पहार तुझं डोकं मांडीवर घेऊन मला ओरडत होता, "हळू चालवायला सांग त्याला! चालवतोय कोण?" चालवायला कुणीच नव्हतं, दादा. ट्रकवाला मागं बसला होता. ट्रक अजून बसथांब्यावरच उभा होता. मग त्याला पुढं आणला.

इथं नर्सनं विचारलं, "मार खाणाऱ्याचे नातेवाईक कोण?" मी म्हटलं, मी. "आणि मारणाऱ्याचे?" मी म्हटलं, तोही मीच. "आजोबा, थट्टेची वेळ आहे का ही?"

पोलीस येऊन गेला. तू पाटीवर 'पडलो' असं लिहिलंस. तुझं ते अक्षर त्याला लागलं नाही, मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आणि याची बोटं?" पहार म्हणाला, "त्याच्यावर पडलो."

तो बाहेर बाकावर बसलाय, हाताला प्लास्टर. आत यायला तयार नाही. मघाशी मला म्हणाला, "दुखतंय का त्याला?"

"तूच विचार."

"मी कशाला? तुझा भाऊ." मग म्हणाला, "तो टोकाचा दगड. बसायचा. तो माझा भाऊ आहे?"

"हो."

"त्याच्यावर नाव का नाही?"

"नाव माझ्याकडं आहे."

"मग देऊन टाक की त्याचं त्याला. पोर नुसतं पडलंय तिथं इतकी वर्षं."

मी म्हटलं, "देतो. मग मला काय म्हणशील?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं डोळ्याबरोबर माझं डोकंही त्या पुलाशी फुटलं होतं. म्हणाला, "दादा. आजपर्यंत काय नावानं हाक मारत होतो तुला?"

तर पुढच्या आठवड्यात कोरायला घेतो. त्याला दगड धरायचाय, पण बोटं प्लास्टरमध्ये. तुझी बोटं मिटत नाहीत. मला डोळा एक. पण रेघ एका डोळ्यानंच सरळ दिसते, हे माझ्या धंद्यातल्या कुणालाही विचार. तू फक्त शेजारी उभा राहा. खालच्या घरातलं कुणीतरी तिथं असायला हवं.

आणि तारा निघाल्या की ओढ्याची ओळ तुझ्याकडं बाकी आहे. डोंगराची मी म्हणून ठेवलीय.

तुझा
धाकटा

ता. क. पहार दारातून डोकावून गेला. तू झोपला होतास. तुझ्या खाटेखाली त्यानं कप ठेवलाय. तुला चावता येत नाही म्हणून चहा. साखर जास्त असणार. कुरकुर करू नकोस, हात अजून एक शाबूत आहे त्याचा.